साडीचोळीचं चित्र : बाईच्या वाट्याचा भेदभाव कॅनव्हासवर कसा उतरवायचा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला हमखास कुठल्या ना कुठल्या शाळेतून चित्रस्पर्धेच्या परीक्षणाचं बोलावणं येतं. विषय ठरलेला असतो, स्त्री-पुरुष समानता. चित्रंही जवळपास ठरलेलीच. हातात बेड्या, एका पारड्यात मुलगा आणि दुसऱ्यात मुलगी असलेला तराजू, अर्धा चेहरा नटलेला अर्धा ठेचलेला, आणि गालावर थांबलेला टपोरा अश्रू. पोरांचा हात वाईट नसतो. अश्रूवरचा प्रकाशाचा ठिपकासुद्धा अगदी जागच्या जागी असतो.

एकदा एका मुलीला विचारलं, "बेड्या कुठं पाहिल्यास गं?" ती म्हणाली, "गूगलवर." "आणि घरात काय पाहिलंस?" बराच वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, "दादा शाळेत व्हॅननं जातो. मी चालत. शाळा एकच आहे."

चित्र तिथं होतं. बेड्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं असतं, पण बघून कुणाच्याही पोटात काही हललं नसतं. रिकामी सीट असलेली व्हॅन आणि तिच्या मागून धुळीत चालणारी त्याच गणवेशातली मुलगी, एवढंच काढलं असतं तर तिच्या वडिलांना त्या चित्रासमोर नीट उभं राहता आलं नसतं.

मी चित्रकला शिकवते. या विषयावर चित्र करायचं म्हणणाऱ्या मुलींना, बायकांना आणि (हळूहळू येऊ लागलेल्या) मुलग्यांनाही मी जे करायला लावते ते इथं क्रमानं लिहिते. मध्येमध्ये माझं एक चित्र उदाहरणाला घेईन, कारण त्याच्या चुका मला पाठ आहेत.

आधी डोक्यातलं कॅलेंडर उतरवा

कागद समोर घेतला की हात आपोआप एक 'बाई' काढायला लागतो. कंबरेत बाक, खाली वळलेली नजर, डोक्यावरून पदर. ही बाई तुमची नाही, छापखान्याची आहे. चित्रकार राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये घाटकोपरला सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या देव्या, नायिका घराघरांत भिंतीवर बसल्या. त्यानंतरच्या कॅलेंडरांनी तोच साचा गिरवला. चित्रं सुंदर होती याबद्दल वाद नाही. पण त्या साच्यात बाईचं दुःखही सुंदरच दिसतं, आणि आपल्याला तेच नको आहे.

दुसरा साचा शाळेनं दिला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी आपण सगळ्यांनी 'नळावर पाणी भरणाऱ्या बायका' काढल्या. तीन आकृत्या, एकीच्या डोक्यावर दोन घागरी, एक वाकलेली, मागे झाड. मार्क चांगले मिळायचे. त्या घागरींचं वजन किती, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि चित्रात एकही पुरुष पाणी का भरत नाही, हेही नाही.

तिसरा साचा सिनेमाचा. 'विधवा काढा' म्हटलं की मुलं पांढरी साडी काढतात. आपल्याकडच्या केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचं आलवण, म्हणजे तिचं लुगडं, तांबडं असायचं. ज्याला हे ठाऊक नाही त्याचं चित्र महाराष्ट्रातल्या बाईचं राहत नाही, ते कुठल्या तरी सिनेमातल्या बाईचं होतं. आणि आजच्या विधवेचं चित्र करायचं असेल तर साडीचा रंगही बाजूला ठेवा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला तो कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या कृतींविरुद्ध. म्हणजे इथं काढायची ती बाईचा हात धरून बांगडी फोडणारी दुसरी बाई. ते चित्र किती अवघड आहे, करून बघा.

पहिलं काम म्हणून एका पानावर हे सगळे साचे मुद्दाम काढा. बेड्या, तराजू, पिंजऱ्यातला पक्षी, कोमेजलेली कळी, सगळं. पोटभर काढा आणि पान उलटा. मनात अडकून राहिलेलं एकदा हातातून गेलं की परत परत वर येत नाही.

चोवीस चौकटी

आता वहीच्या दोन पानांवर मिळून चोवीस चौकोन आखा, प्रत्येकी साधारण दीड इंचाचा. एक चौकोन म्हणजे एक तास. घरातली एक बाई निवडा, आई, सासू, वहिनी, कामाला येणाऱ्या मावशी, कुणीही, आणि दिवसभरात तिचे फक्त हात काढा. चेहरा काढायचा नाही. पेन्सिल कुठलीही चालेल, मला 4बी आवडते.

हा अभ्यास लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. पाचव्या-सहाव्या चौकोनाला तुमच्या लक्षात येतं की हात रिकामे नाहीतच. बाई टीव्ही बघते तेव्हाही हातात लसूण असतो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात असं दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी 289 मिनिटं वेळ जातो आणि जे पुरुष असं काम करतात त्यांचा 88 मिनिटं. हा आकडा चित्रात लिहू नका. चोवीस चौकोनांपैकी जवळपास पाच चौकोन त्यानं भरतात, हे फक्त ध्यानात ठेवा. मग त्याच घरातल्या पुरुषाचे चोवीस चौकोन शेजारी काढा. दोन्ही पानं भिंतीला लावली की ते स्वतःच एक चित्र होतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं बाबांच्या पानावर सलग चार चौकोनांत मोबाईल धरलेला तोच अंगठा काढला होता. तो विनोद करत नव्हता, पण बघणारे हसायचे आणि मग हसू आवरायचे.

आकडाच वापरायचा असेल तर भित्तिपत्रकाचा मार्ग धरा. न्यूयॉर्कच्या 'गुरिल्ला गर्ल्स' या गटानं 1989 मध्ये तेच केलं. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या आधुनिक कला विभागात 5 टक्क्यांहून कमी कलावंत स्त्रिया, पण नग्नचित्रांतल्या 85 टक्के आकृत्या स्त्रियांच्या. शेजारी पहुडलेल्या नग्न स्त्रीच्या डोक्यावर गोरिलाचा मुखवटा. तिथं आकडा हाच विषय होता, आणि धारही होती. आपण कॅनव्हासच्या कोपऱ्यात टक्केवारी लिहितो तेव्हा मात्र ते सरकारी जाहिरातीसारखं दिसतं.

दुःख सोडा, नियम शोधा

सगळ्या लेखातलं मला जे सांगायचं आहे ते हेच. भेदभाव ही भावना नाही, ती व्यवस्था आहे. कोण कुठं बसणार, कुणाच्या ताटात काय पडणार, कुणाचं नाव कुठल्या रकान्यात लिहिणार. दुखावलेला चेहरा काढला तर बघणारा हळहळतो आणि पुढच्या चित्राकडे जातो. नियम काढला तर तो आपल्या घरात डोकावून बघतो.

म्हणून रंगांना हात लावण्याआधी एक वाक्य लिहा, कोण, कुणामुळे, कशाला मुकलं. वाक्यात 'व्यथा', 'वेदना', 'घुसमट' हे शब्द आले तर वाक्य खोडा. वाक्यात वस्तू आली पाहिजे.

काही ओळखीचे नियम. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशी' ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी मुलगा होईल. साताऱ्यात ऑक्टोबर 2011 मध्ये अशा 285 मुलींचं नव्यानं नामकरण झालं. यातलं चित्र मुलीच्या चेहऱ्यात नाही, ते शाळेच्या हजेरीपटात आहे. गडचिरोलीत पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाकडेला वेगळ्या कुर्माघरात राहायचं. तिथलं दार किती उंच आहे आणि आत बसल्यावर बाहेरचं काय दिसतं, हा चित्रकाराचा प्रश्न. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, दोघांच्या मजुरीचा हिशेब एकाच नावावर. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये बरीच चर्चा झाली. कुणी दवाखान्याची खाट काढेल. मी मोळी बांधणारी बाई आणि उसाच्या फडात आडोसा नसलेली मोकळी जागा काढेन, कारण पाळीतही तिथंच राबावं लागतं आणि त्या शस्त्रक्रियांची वाट तिथून सुरू होते.

माझं वाक्य असं होतं : आईनं मामांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं आणि तिला एक साडी मिळाली.

महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मतः हक्क दिला, देशभर तो 2005 च्या दुरुस्तीनं आला. कायदा असा, आणि रीत अशी की वडील गेले, वारसनोंद झाली की बहिणींनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्क सोडायचा. नाही सोडला तर भाऊबीजेला कोण बोलावणार? साडीचोळीवर बोळवण होते ती इथं. कुणी मारत नाही, कुणी रडत नाही, जाताना हॉटेलात सगळे मिळून मिसळपाव खातात. मला हे चित्र करायला तीन वर्षं लागली, कारण त्यात 'अत्याचार' कुठं दिसेना.

वस्तू गोळा करा, माणसं विचारून

मनानं काढू नका. जागेवर जा. मी तालुक्याच्या कचेरीत बाकावर बसून दोन सकाळी रेखाटनं केली. घरबसल्या सुचलं नसतं असं बरंच तिथं मिळालं. आता अंगठा स्कॅनरवर घेतात आणि छोट्या वेबकॅमनं फोटो काढतात. पण दाराजवळच्या भिंतीवर जुन्या काळातले शाईचे ओरखडे तसेच आहेत, लोकांनी अंगठे पुसलेले. बायका फोटोच्या वेळी पदर सारखा करतात. शेजारी उभा असलेला भाऊ तिच्या कोपराला हात लावून 'इकडं बघ' म्हणतो. त्या हातात दमदाटी नसते, आणि म्हणूनच तो काढण्याजोगा असतो.

वहीत रेखाटनाच्या बाजूला शब्दही लिहा. कोण काय म्हणालं, उजेड कुठून येत होता, किती वाजले होते.

ओळखीच्या बाईला समोर बसवणार असाल तर चित्र कशाचं आहे ते आधी सांगा, आणि तास-दोन तास बसवलं तर मजुरी द्या. तिच्या फुकट वेळावर चित्र करायचं आणि विषय तिच्या फुकट श्रमांचा, हे बरं दिसत नाही. चोरून फोटो काढू नका. लैंगिक अत्याचाराची खरी घटना असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली, आणि मुलं असतील तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली. चेहरा बदलला तरी घर, शाळेचा गणवेश, गावाची वेस यांवरून माणूस ओळखू येतो. हे सगळं बदला.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. आपण कुणाच्या घरात उभं राहून चित्र काढतो आहोत? माझ्या आईच्या वाट्याला निदान सोडायला जमीन होती. जिच्या बापाच्याच नावावर काही नव्हतं तिच्यासाठी हे चित्र परक्या गावचं आहे. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी देवदासी रंगवल्या तेव्हा त्यांत जात आणि बाईपण वेगळं काढता येत नाही. सगळ्या बायकांचं म्हणून एक सरासरी चित्र काढायला गेलात की ते बहुधा वरच्या जातीतल्या शहरी बाईचं होतं.

कच्ची रेखाटनं : डोळे कुठं ठेवायचे

इथं घाई करू नका. चित्र घडतं किंवा बिघडतं ते इथंच, पुढं रंगांनी फार काही सुधारत नाही.

चार बाय पाच इंचाचे सहा चौकोन आखा. तोच प्रसंग सहा ठिकाणांहून काढा. जमिनीवर बसून, उभं राहून, दारातून, पाठीमागून, टेबलाखालून, आणि जिथं कुणी बसत नाही अशा एका जागेवरून. प्रत्येक चौकोनात डोळ्यांची पातळी एका आडव्या रेषेनं आखा. वरून बघितलं की बाई बिचारी होते, खालून बघितलं की ती देवी होते. दोन्हींपासून सावध राहा. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आपली पातळी आली की ती माणूस दिसते.

माझं पहिलं रेखाटन समोरून होतं, आई रडते आहे. मालिकेतला प्रसंग. दुसऱ्यात टेबलाच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बहीण, मध्ये कागद. बँकेच्या कर्जाची जाहिरात वाटली. तिसऱ्यात साहेबाच्या खुर्चीमागून, संगणकाच्या पडद्यावर तिचा लहानसा चेहरा. हे बरं होतं, पण चलाखी दिसत होती. पाचव्याला सापडलं. वेबकॅमच्या जागेवरून बघायचं. ती सरळ आपल्याकडे बघते आहे, पदर सारखा केलेला, चेहऱ्यावर फोटोला येतो तो कोरेपणा. उजव्या कडेतून फक्त भावाचा हात आत आला आहे, मनगटावर घड्याळ. मांडीवर साडीचं लाल खोकं. मागं शाईचे डाग पडलेली भिंत. चित्रासमोर उभा राहणारा माणूस सरकारच्या जागी येतो आणि ती त्याच्याकडे बघते.

भावाचा चेहरा मी चौकटीबाहेर ठेवला. चेहरा दिला की तो खलनायक होतो आणि बघणारा भाऊ स्वतःला सोडवून घेतो, 'मी काही असा नाही'. नुसता हात कुणाचाही असू शकतो. एका रेखाटनात त्या मनगटावर राखी बांधली होती. आवडली होती मला. पुसली. राखी दिसली की माणूस 'हां, कळलं' म्हणतो आणि निघतो. घड्याळ राहू दिलं, कारण त्याला घाई आहे एवढंच ते सांगतं.

चौकटीत काय नाही याकडेही बघा. चित्रकार अमृता शेरगिल यांच्या 1935 च्या 'थ्री गर्ल्स' या चित्रामध्ये काहीच घडत नाही. तीन मुली, मोकळे हात, कुणीच कुणाकडे बघत नाही. लग्न नाही, सासर नाही, मारहाण नाही. तरी त्यांचं पुढचं आयुष्य त्यांना विचारून ठरणार नाही हे त्या बसण्यातून कळतं. या चित्राला 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. हाताची बोटं कशी ठेवली आहेत ते बघण्यासाठी तरी ते समोर ठेवून एकदा पेन्सिलीनं उतरवा.

हिंसा दाखवायची झाली तर

मारहाण, जाळणं, बलात्कार. तरुण मुलांना इथं रक्त काढायचं असतं. माझा अनुभव असा की लाल रंग जितका जास्त तितकी नजर लवकर सरकते. वाईट म्हणजे, काहींची नजर भलत्याच कारणासाठी थांबते. अत्याचाराचं चित्र बघणाऱ्याला मजा देता कामा नये. ही कसोटी मी सोडत नाही.

तीन चित्रकर्त्यांनी हे कसं सोडवलं ते बघा. जर्मनीच्या केथे कोलविट्झ यांनी शेतकरी बंडावरच्या मालिकेत (1902 ते 1908) बलात्कारित बाई दाखवली आहे. ती जमिनीवर पडली आहे, पण तुडवलेल्या झाडापाल्यात आधी दिसतच नाही. शोधावी लागते. आणि कुंपणावरून एक मूल बघतं आहे. मेक्सिकोच्या फ्रीडा कालो यांनी 1935 मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून चित्र केलं. एका बाईला भोसकून मारणारा म्हणाला होता, थोडेसेच तर ओरखडे होते. त्यांनी तेच शीर्षक दिलं आणि रक्ताचे शिंतोडे चित्राच्या लाकडी चौकटीवरही उडवले. म्हणजे रक्त आहे, पण ते चित्रातून बाहेर आपल्या खोलीत येतं आणि त्या माणसाचं वाक्य त्याच्या शेजारी उभं राहतं. पोर्तुगालच्या पॉला रेगो यांची 1998 ची गर्भपातावरची पेस्टल चित्रं तिसरी. सार्वमतात गर्भपाताचा कायदा सैल करायला नकार मिळाल्यावर त्यांनी ती केली. बेकायदा गर्भपात करून घेणाऱ्या एकट्या बायका आणि मुली, खाट, बादली. रक्ताचा थेंब नाही, आणि त्यांतल्या काही जणी सरळ आपल्याकडे बघतात.

एका चौकटीत मावत नसेल तर मालिका करा. चित्रकार नीलिमा शेख यांनी 'व्हेन चंपा ग्रू अप' ही बारा छोट्या चित्रांची मालिका 1984 च्या सुमारास केली, टेम्पेरामध्ये, हातकागदावर. हुंडाबळीची गोष्ट, पण सुरुवातीची चंपा मोकळी, खेळणारी मुलगी आहे. लघुचित्रांसारखी नाजूक रेषा आणि गोड रंग, त्यामुळं माणूस जवळ जाऊन बघतो, आणि जवळ गेल्यावर मागं फिरता येत नाही. नवशिक्यांनी बारा करू नयेत. चार करा, आणि चारही चित्रांत एकच वस्तू ठेवा, तिची जागा बदलत जाऊ द्या.

साहित्य आणि रंग

महागडं काही लागत नाही. सुरुवातीला जाड हातकागद चांगला. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 पासून आहे, तिथं वेगवेगळ्या जाडीचा मिळतो. त्यावर पोस्टर कलर छान बसतो. फक्त थर जाड दिला तर वाळल्यावर तडकतो, आणि वाळल्यावर तो थोडा फिका दिसतो हे लक्षात ठेवून मिसळा. ॲक्रिलिकचं उलटं, ते वाळल्यावर गडद होतं. कॅनव्हास परवडत नसेल तर हार्डबोर्डच्या गुळगुळीत बाजूवर हलका पॉलिशपेपर मारा, प्रायमरचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा.

मी 24 बाय 30 इंचाचा कॅनव्हास घेतला. चार बाय पाचचं रेखाटन त्याच प्रमाणात मोठं होतं, रेखाटनावर एक इंचाच्या चौकटी आणि कॅनव्हासवर सहा इंचाच्या. कोळशानं उतरवा, चुकलं तर फडक्यानं झटकता येतं.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू करू नका. बर्न्ट सिएना पाण्यासारखा पातळ करून सगळीकडे एक हात द्या. गेरूनं सारवलेल्या भिंतीसारखी जमीन तयार होते आणि त्वचेचे रंग त्यावर खरे वाटतात. त्यावर फक्त छायाप्रकाश बसवा, पाच छटांत. पांढऱ्याजवळची, काळ्याजवळची आणि मधल्या तीन. डोळे बारीक करून बघा. खात्री वाटत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून कृष्णधवल करा. माझ्या चित्रात पहिल्यांदा सगळ्यात उजळ जागा चेहऱ्यावर आली होती. ती हलवून मी अंगठ्याखालच्या स्कॅनरच्या काचेवर नेली. चेहरा मधल्या छटेत गेला, आणि तेव्हा कुठं चित्र हक्कसोडीचं झालं. त्याआधी ते आईचं व्यक्तिचित्र होतं.

रंग सहाच ठेवले. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, क्रिमसन, पांढरा. काळा डबीतून घेऊ नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरमधून होतो तो काळा श्वास घेतो. कचेरीची भिंत त्या फिक्या सरकारी निळसर-हिरव्या रंगाची, अल्ट्रामरीनमध्ये थोडा ऑकर आणि भरपूर पांढरा घालून. पूर्ण ताकदीचा लाल फक्त एका ठिकाणी, साडीच्या खोक्यावर. बाकी सगळं मातकट. एकच चढा रंग ठेवायचा असेल तर तो बाईवर न ठेवता तिला जे दिलं जातं त्यावर ठेवावा, असं माझं मत झालं आहे.

गुलाबी म्हणजे मुलगी आणि निळा म्हणजे मुलगा, हे कृपा करून नको.

वारली शैलीत हा विषय करणारे पुष्कळ भेटतात. करा, पण एवढं जाणून करा की लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, लिहिण्याचा मान सवासिणींचा, म्हणजे नवरा हयात असलेल्या बायकांचा. विधवेचा हात तिथं चालत नाही. आणि भिंतीवरचं हे काम कागदावर आलं, पैसा आणि प्रवास आला, तेव्हा जगभर नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या पुरुषांचं. त्यांची थोरवी कमी होत नाही. पण स्त्रीभेदावरचं वारली चित्र काढताना चौकाबाहेर बसलेली बाई काढायची राहून गेली, तर पांढऱ्या त्रिकोणांची रांगोळी उरते.

शब्द, शीर्षक

चित्रात अक्षरं येऊ शकतात, जर ती त्या जागेची असतील. सातबारावरचा 'इतर हक्क' हा रकाना, रेशनकार्डावरचं नाव, लग्नपत्रिकेतलं 'चि. सौ. कां.', हजेरीपटावरचं नकुशी. घोषणा नकोत. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं ठरलं, त्या नव्या रकान्याचंही एक चित्र कुणीतरी करायला हवं.

शीर्षकात 'ती', 'स्त्री', 'व्यथा', 'अबला', 'अस्तित्व' असं काही असेल तर बदला. प्रदर्शनाच्या यादीत तशी दहा असतात. सगळ्यात कोरडं शीर्षक निवडा. माझ्या चित्राचं आधी 'बोळवण' होतं. नंतर मी 'फोटोसाठी इकडे बघा' केलं.

लावायचं कुठं

मुंबईच्या मोठ्या गॅलरीत तारीख मिळायला वर्षं जातात, आणि तिथं येणाऱ्यांची जमीन बहुधा वाटूनही झालेली असते. ग्रामपंचायतीचा हॉल, वाचनालय, संक्रांतीचं हळदीकुंकू, महिला बचत गटाची बैठक. टाचण्या, सुतळी आणि स्टुलावर ठेवलेला एक दिवा पुरतो. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांखाली, 57 इंचांवर ठेवा, म्हणजे बुटक्या बाईलाही मान वर करावी लागत नाही. खाली दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, आणि चित्राशेजारी उभं राहून समजावून सांगू नका. बाजूला बसा आणि ऐका. बायका चित्रकाराला काही सांगत नाहीत, एकमेकींना सांगतात.

वाद होईल. 'आमच्याकडे असं नाही' म्हणणारे दोन-तीन जण येतातच. त्यांच्याशी भांडण्यात संध्याकाळ घालवू नका. त्यांना चहा द्या.

माझं चित्र पहिल्यांदा एका वाडीतल्या हळदीकुंकवाला लागलं. साठीच्या एक काकू बराच वेळ समोर उभ्या होत्या. भिंत बघितली, हात बघितला, चित्रातल्या माझ्या आईकडे बघितलं. मग मला शोधत आल्या आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे गं. पण साडी खोक्यात कुठली? पिशवीत असते. दुकानाच्या. आणि दुकान भावाच्या गावचं, म्हणजे घरी आल्यावर सासू विचारते, एवढ्यातच आटपलं का?"

दुसऱ्या दिवशी मी खोक्यावर राखाडी रंगाचा एक हात फिरवला. तो वाळल्यावर त्या जागी पिशवी काढली, पातळ, चुरगळलेली, दुकानाच्या नावाचा अर्धा भाग घडीत गेलेला.